गोड्या पाण्याकडून खाऱ्या पाण्याकडे: लोणारच्या विवरात उतरणारी वाट

१. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार बहुतेकांनी छायाचित्रात पाहिलेले असते. वरून टिपलेले गोल विवर, मध्ये हिरवट पाणी आणि भोवती जंगलाचे कडे. प्रत्यक्ष गेलेल्यांपैकीही अनेक जण काठावर उभे राहून हेच दृश्य पाहतात आणि परततात. इतिहासात मात्र लोणारला येणारा माणूस काठावर थांबत नसे, तो खाली उतरे. तळ्याकडे नेणारी ती घळीतली वाट हा या धाग्याचा विषय आहे.

२. आधी भूगोल. जिल्ह्याचे दोन स्वाभाविक भाग पडतात. उत्तरेला पूर्णा नदीचे सपाट, काळे खोरे, म्हणजे जुन्या कागदांतला पयानघाट. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे पठार, म्हणजे बालाघाट. पैनगंगा याच डोंगराळ भागात उगम पावते आणि मेहकरवरून पुढे जाते. लोणार आहे ते या घाटावरच्या मुलखात. भोवती शेते, मुरमाड माळ आणि मधूनच ओढ्यांनी कापलेल्या नाळी. या पठारात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आणि काठापासून साधारण दीडशे मीटर खोल असा खळगा आहे, हे अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही.

३. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे वीस मीटरने उंचावलेला आहे. त्यामुळे गावाकडून येणारा आधी थोडे चढतो आणि मग एकदम त्याच्या पायाखालची जमीन संपते. काठाने पूर्ण फेरी मारायची तर पावणेसहा किलोमीटरांच्या आसपास चालणे होते. आत उतरायला मात्र खरी जुनी वाट एकच, ईशान्येकडची धारेची. बाकी सर्व बाजूंनी कडा सलग आहे. तो फुटला आहे तो फक्त येथे, आणि तो पाण्याने फोडला आहे.

४. ‘धार’ म्हणजे गोमुखातून पडणारा बारमाही झरा. त्याच्या भोवती दगडी कुंड, ओवऱ्या आणि मंदिरांचा समूह आहे. भाविक येथे स्नान करतात, आणि जवळच ‘सीता न्हाणी’ नावाचे आणखी एक स्थान आहे. उन्हाळ्यात घाटावरच्या विहिरी तळ गाठत असताना ही धार वाहत राहते. मध्ययुगात येथे तीर्थ का वसले, याचे अर्धे उत्तर या एका गोष्टीत आहे.

५. झरा येतो कुठून? दख्खनचा खडक लाव्हारसाचे एकावर एक थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बनला. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि भेगाळ असतो, मधला भाग घट्ट असतो, आणि काही थरांच्या मध्ये लाल भाजक्या मातीचा पट्टा असतो. पावसाचे पाणी भेगांतून झिरपत खाली जाते, घट्ट थराशी अडते आणि आडवे वाहू लागते. विवराच्या भिंतीने हे थर मध्येच कापले गेले आहेत, म्हणून आडवे वाहणारे पाणी तेथे उघड्यावर येते. धार ही त्या कापलेल्या कडेची देणगी आहे.

६. गोमुखापासून पायऱ्या संपल्या की घळ सुरू होते. दोन्ही बाजूंना काळा खडक, ओल्या जागी नेचे आणि शेवाळ, वर वड-पिंपळाच्या मुळांनी धरून ठेवलेल्या दरडी. पुढे साग, कडुनिंब, चिंच, सीताफळ आणि बाभळी. मोरांचा आवाज खालून येतो आणि भिंतींवर आपटून फिरत राहतो. वानरांच्या टोळ्या वाटेवरच बसलेल्या असतात. चार चौरस किलोमीटरांहूनही लहान असलेला हा प्रदेश २००० साली वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला. सूर्यास्तापूर्वी वर परतायचे, हा येथला साधा नियम.

७. खडकाकडे नीट पाहणाऱ्याला काठाजवळ एक विचित्र गोष्ट दिसते. सह्याद्रीत किंवा अजिंठ्यात लाव्हाचे थर वह्यांच्या थप्पीसारखे आडवे असतात. येथे काठालगतचे थर विवरापासून बाहेरच्या दिशेला कललेले आहेत, जणू कोणी आतून धक्का देऊन पाने उलटली असावीत. या कललेल्या थरांचा अर्थ लावायला विज्ञानाला दीडशे वर्षे लागली. त्या कथेकडे पुढे येऊ.

८. त्याआधी मंदिरे. उताराच्या वाटेवर रामगया लागते. तळ्याकाठी पुढे वाघ महादेव, मोर महादेव, कमळजा देवी. बहुतेक बांधकामे बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे उत्तर चालुक्य आणि यादव काळातली मानली जातात. खडक येथलाच, काळा बेसाल्ट. चिरे एकमेकांत खाचा करून बसवलेले, चुना जवळजवळ नाही. काही मंदिरांचे फक्त खांब उरले आहेत. काहींच्या छतातून झाड वर गेले आहे.

९. या मंदिरांना सर्रास ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. हेमाद्री पंडित हा महादेव व रामचंद्र या देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. कोरड्या बांधणीची ही पद्धत त्याच्या जन्माआधीपासून रूढ होती. तेव्हा ‘हेमाडपंती’ हा शब्द शैलीचे लोकप्रिय नाव म्हणून वापरावा, बांधणाऱ्याचे नाव म्हणून वापरू नये. लोणारच्या एखाद्या देवळावर हेमाद्रीचा हक्क सांगायचा तर त्याला स्वतंत्र पुरावा लागेल.

१०. समूहातले सर्वांत मोठे शिल्पवैभव विवरात नाही, गावात आहे. दैत्यसूदनाचे मंदिर तारकाकृती तलविन्यासाचे आहे. बाह्यभिंतींवर शिल्पांच्या ओळी आहेत, आणि छताच्या शिल्पपटांत पुराणकथा कोरल्या आहेत. दैत्यसूदन म्हणजे दैत्याला मारणारा विष्णू. तो दैत्य लवणासुर. गावाचे नाव आणि देवळाचे नाव एकाच कथेची दोन टोके आहेत.

११. कथा अशी. लवणासुर जमिनीखालच्या गुहेत राहून लोकांना छळत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले आणि दैत्याच्या दोन बहिणींना भुलवून त्यांच्याकडून लपण्याची जागा काढून घेतली. मग पायाच्या अंगठ्याच्या स्पर्शाने त्या गुहेचे झाकण उडवले आणि झोपलेल्या दैत्याला मारले. झाकण दूर जाऊन पडले, तीच एक टेकडी. तळ्यातले पाणी हे दैत्याचे रक्त, आणि पाण्यातला क्षार हे त्याचे कुजलेले मांस.

१२. समाजमाध्यमांवर ही कथा वारंवार एका विशिष्ट दाव्यासह फिरते: ‘पूर्वजांना उल्कापात ठाऊक होता.’ कथा शब्दशः वाचली तर तो दावा टिकत नाही. तिच्यात आकाशातून काही पडत नाही. उलट झाकण वर उडते आणि बाहेर जाते. खळगा कथेच्या आधीपासून आहे, तो दैत्याचे घर आहे. शिवाय आघाताची घटना माणसाने पाहिली असण्याची शक्यता तिच्या वयामुळेच बाद होते. आर्गॉन पद्धतीने केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार विवर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे आहे. त्याआधीच्या मापनात ते बावन्न हजार वर्षांचे आले होते. यांपैकी धाकटे वय धरले तरी पुराणांपर्यंत स्मृती पोहोचावी, असे ते अंतर नव्हे.

१३. मग कथा कशाचे स्पष्टीकरण देते? वाटेने उतरले की उत्तर आपोआप समोर येते. धारेवर ओंजळभर पाणी प्यायलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात तळ्याकाठी पोहोचतो. सोबत तेच पाणी ओहळातून उतरलेले असते. वर ते गोडे होते. खाली तेच इतके खारे आणि तुरट की तोंडात धरवत नाही. काठावर पांढरा पापुद्रा, चिखलाला उग्र वास. एकाच पाण्याचे एवढ्या थोड्या अंतरात असे काय झाले? जुन्या माणसाला पडलेला प्रश्न हा होता. ‘खळगा कसा झाला’ हा प्रश्न त्याने फारसा विचारलेला दिसत नाही.

१४. नावातही हाच प्रश्न मुरला आहे. लवणाचे लोण झाले. लोणचे, लोणारी आणि लोणार ही एकाच घरातली माणसे. ज्याला आज आपण ‘विवर’ म्हणतो त्या स्थळाला लोकांनी आकारावरून नाव दिले नाही, चवीवरून दिले. कमळजा देवीच्या मंदिरापुढच्या विहिरीला ‘सासू-सुनेची विहीर’ म्हणतात, कारण तिच्या एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, अशी समजूत आहे. एका घरात नांदणाऱ्या दोन स्वभावांची उपमा एवढ्या नेमक्या जागी क्वचितच पडली असेल.

१५. चवीचे हे ज्ञान बाजारातही उतरले. १५९६ मध्ये वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडून मोगलांकडे आला. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील मेहकर सरकारच्या संदर्भात लोणारचा उल्लेख येतो. ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात, असे तो सांगतो. आणि त्याबरोबर साबण व काच यांसाठी लागणारे द्रव्य येथे मिळते व त्यापासून उत्पन्न येते, हेही नोंदवतो. रामगया या नावातला ‘गया’ शब्द येथे लक्षात घ्यावा. पितरांचे तीर्थ आणि क्षाराचा महसूल हे दोन्ही एकाच परिच्छेदात बसतात, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

१६. क्षार गोळा करण्याचे काम उन्हाळ्यातले. पाणी आटून तळे आक्रसले की काठावर आणि उथळ तळाशी क्षाराचे थर जमत. त्यांची प्रत ठरवून वेगवेगळी नावे असत. दल्ला, पापडी, भुसकी ही त्यांतली काही. साबण, बांगड्यांची काच, कापडाचा रंग पक्का करणे, औषधे असे त्यांचे उपयोग. आजच्या स्वयंपाकघरातला पापडखार ज्या जातीचा, त्याच जातीचा हा पदार्थ. हा माल वर आणायला रस्ता एकच होता. यात्रेकरू ज्या घळीने अनवाणी उतरत, त्याच घळीने ओझी डोक्यावर घेऊन माणसे चढत.

१७. मंदिराला शिलालेख असतो, राजाला वंशावळ असते. ओझे वाहणाऱ्याला काहीच नसते. तरी त्याने वाटेवर ठेवलेली खूण पुसट नाही. पायऱ्या मध्यभागी खोलगट होतात, दगडाची धार बोथट होते, वळणावरचा खडक हात टेकून टेकून गुळगुळीत होतो. यात भाविकांचे पाय किती आणि मजुरांचे किती, हे वेगळे करता येत नाही. लोणारच्या वारशाची मोजदाद मंदिरांच्या संख्येने होते. ही झिजलेली वाट त्या यादीत येत नाही.

१८. आता दुसरा प्रश्न, खळग्याचा. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि भूशास्त्रज्ञांची ये-जा वाढली. सर्वांचे मत साधारण एकच पडले: हे ज्वालामुखीचे मुख. मुलूख लाव्हाचा, खळगा गोल, पाणी क्षारयुक्त. यापेक्षा स्वाभाविक तर्क कोणता असणार? अडचण एवढीच की दख्खनचा ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला होता आणि खळगा ताजा दिसत होता.

१९. १८९६ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील एका गोल खळग्याची तुलना लोणारशी केली. त्या काळी तो कून ब्यूट म्हणून ओळखला जाई. आज तो ‘मिटिऑर क्रेटर’ या नावाने जगप्रसिद्ध आहे. गिल्बर्ट यांनी उल्कापाताची शक्यता तपासली आणि बाजूला ठेवली. वाफेच्या स्फोटाने असे खळगे होत असावेत, असा त्यांचा कौल होता. तुलना अचूक होती, निष्कर्ष चुकला. दोन्ही खळगे खरोखरच एका जातीचे निघाले, फक्त जात वेगळी निघाली.

२०. निकाल लागला तो चंद्रामुळे. १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावरचे खडक घेऊन आले. त्यांत बेसाल्ट होता, आणि तो आघातांनी भरडलेला होता. त्याच्याशी ताडून पाहायला पृथ्वीवर बेसाल्टातले चांगले टिकलेले आघातविवर हवे होते. लोणारच्या तळात वेधन झाले, खोल थरांतले नमुने वर आले. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख आला: लोणार हे बेसाल्टातील आघातविवर आहे. नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडले होते. प्रचंड दाबाखाली स्फटिकाची न वितळता काच झाली की हे द्रव्य बनते. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही.

२१. काठाचे थर बाहेर का कललेले आहेत, याचेही उत्तर यातच आले. आघाताने खडक आतून बाहेर उलटला आणि काठावर उचलला गेला. भरडलेले दगड किलोमीटरभराहून दूर फेकले गेले. १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक घोषित केले. विवराच्या उत्तरेला थोड्या अंतरावर अंबर तळे नावाचा लहान खळगा आहे, जवळच आडव्या पहुडलेल्या मारुतीचे प्रसिद्ध मंदिर आहे. त्या खळग्याच्या उत्पत्तीविषयी शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही.

२२. येथे दोन लोकप्रिय विधाने दुरुस्त करावी लागतात. ‘जगातले तिसरे मोठे उल्काविवर’ हे खरे नाही. दक्षिण आफ्रिकेतील व्रेडेफोर्ट किंवा मेक्सिकोतील चिक्शुलूब यांचा व्यास शेकड्याच्या किलोमीटरांत मोजावा लागतो. त्यांच्यापुढे लोणार एक ठिपका आहे. ‘बेसाल्टातले जगातले एकमेव’ हेही नेमके नाही. ब्राझीलमधील पाराना बेसाल्टात व्हार्जाओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही आघातविवरे आहेत, मात्र ती फार जुनी आणि झिजलेली आहेत. लोणारचे खरे वैशिष्ट्य असे की बेसाल्टातले इतके तरुण आणि इतके सुस्थितीतले विवर दुसरे नाही. एवढे खरे पुरेसे आहे. त्यात भर घालण्याची गरज नाही.

२३. गंमत अशी की विज्ञानाने खळगा सोडवला आणि पुन्हा जुन्या प्रश्नाशी येऊन थांबले: पाणी खारे का? उत्तर दैत्याच्या कथेइतके नाट्यमय नाही, पण रचना तीच आहे, आत शिरलेले बाहेर जात नाही. विवराला बाहेर पडणारा प्रवाह नाही. झरे आणि पाऊस खडकातली द्रव्ये विरघळवून आणतात. पाणी बाष्प होऊन उडते, द्रव्ये मागे राहतात. त्यांतला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतो. उरतो तो मुख्यतः सोडियमचा क्षार. हजारो वर्षे हा हिशेब चालू राहिला आणि तळ्याचा सामू दहाच्या आसपास पोहोचला.

२४. अशा पाण्यात मासे किंवा बेडूक नांदत नाहीत. नांदते ती सूक्ष्म जीवांची एक वेगळीच वस्ती. पाण्याचा हिरवा रंग स्पिरुलिनासारख्या जीवांचा. जून २०२० मध्ये तळे अचानक गुलाबी झाले आणि ऐन टाळेबंदीत लोणारची छायाचित्रे जगभर गेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून क्षारता वाढली होती आणि मीठप्रेमी हॅलोआर्किया जीवांची संख्या बेसुमार वाढली होती, रंग त्यांचा होता. पावसाबरोबर तो ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे.

२५. या गोष्टीत एक धोका दडलेला आहे आणि तो लक्षात यायला वाटेने चालावे लागते. गोडे पाणी आणि खारे पाणी यांचा तोल हेच लोणार. पूर्वी तो तोल झरा, पाऊस आणि ऊन सांभाळत. आता त्यात माणूस शिरला आहे. काठालगत गाव वाढले. गावातले सांडपाणी उताराला लागून विवराच्या दिशेने वाहत आले. विवराच्या आत, धारेच्या ओहळाने आणलेल्या गाळावर, कधीकाळी केळी-पपईसारखी पिके घेतली जात. विलायती बाभूळ, म्हणजेच वेडी बाभूळ, उतारांवर पसरली. तिच्या मुळांनी मंदिरांचे चिरे सरकवले आणि स्थानिक झाडांची जागा घेतली. संवर्धनाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे गेला आहे.

२६. अलीकडच्या पावसाळ्यांनंतर पातळी वाढून पाणी काठावरच्या मंदिरांपर्यंत पोहोचल्याच्या बातम्या येत आहेत. सामान्य तळ्याच्या बाबतीत ‘तळे भरले’ ही आनंदाची वार्ता असते. लोणारमध्ये तसे म्हणता येत नाही. पाणी वाढले की क्षार विरळ होतो. क्षार विरळ झाला की या पाण्यातच जगू शकणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आधार जातो आणि कुठल्याही तळ्यात जगू शकणारे जीव त्यांची जागा घेतात. पाणी शुद्ध होण्यानेही हे तळे मरू शकते, ही कल्पना पचायला अवघड आहे. आपली सगळी जलनीती गोड्या पाण्याच्या बाजूने विचार करायला शिकलेली आहे.

२७. वारशाचे दोन हक्कही येथे समोरासमोर येतात. नवरात्रात कमळजा देवीला जाणाऱ्या भाविकाला वाट मोकळी हवी. वनखात्याला माणसांची वर्दळ मर्यादित हवी. पुरातत्त्व अभ्यासकाला चिऱ्यांतली मुळे काढायची असतात. वनस्पती अभ्यासकाला त्याच मुळांनी धरलेली दरड कोसळू द्यायची नसते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला काठावरचा चिखल कोणी तुडवू नये असे वाटते. यांतली कोणतीही मागणी खोटी नाही. सगळ्यांचे पाय पडतात त्या एकाच अरुंद घळीत.

२८. म्हणून वाटेचा इतिहास उपयोगी पडतो. यात्रेकरू, क्षार वाहणारे, महसुली कारकून, नकाशे काढणारे अधिकारी, वेधनयंत्र घेऊन आलेले वैज्ञानिक हे सगळे एकाच वाटेने उतरले. प्रत्येकाने तळ्याकडून वेगळे काही मागितले. वाट त्या सर्वांना पुरली, कारण त्यांची संख्या आणि त्यांचे ओझे एका मर्यादेत होते. ती मर्यादा कोणी लिहून ठेवली नव्हती. दगडी पायऱ्यांच्या रुंदीने, घळीच्या चढाने आणि सूर्यास्ताने ती घालून दिली होती. आज ती जाणूनबुजून ठरवावी लागेल.

२९. जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पावसाळ्यानंतर माघपर्यंतचा काळ चांगला. पावसात घळ निसरडी होते आणि दरडी सुटतात. उन्हाळ्यात विवराच्या तळाशी वारा पडलेला असतो आणि उष्णता कोंडते. बूट पक्के हवेत. पाणी सोबत हवे, कारण खाली दिसणारे सारे पाणी पिण्याचे नाही. स्थानिक वाटाड्या घ्यावा, त्याला झाडांची आणि देवळांची येथली नावे ठाऊक असतात, ती पुस्तकात सापडत नाहीत. चिरा, दगड, क्षाराचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. या खडकाची एक चिमूटही चंद्राच्या अभ्यासात कामी आली आहे. ती खिशात आणण्यापेक्षा जागेवर असलेली बरी.

३०. आणि उतरताना धारेवर थांबून पाण्याची चव घ्यावी. खाली पोहोचल्यावर काठाच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावावे. या दोन चवींच्या मधल्या अंतरात लोणारचे पुराण, त्याचा महसूल, त्याचे रसायन आणि त्याच्यापुढचे संकट, सगळे सामावलेले आहे. ते अंतर टिकले तर लोणार टिकेल. ते पुसले गेले तर विवर तेवढे उरेल, पुढच्या पाच लाख वर्षांसाठी, आणि त्याला लोणार म्हणण्याचे कारण उरणार नाही.